तिसरा वार

५ जून

प्रिय शेंडेफळ,

खुशाली शेवटी. आधी भांडण.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि मी आवाज चढवला की खालच्या मजल्यावर दादाचे कान टवकारतात. म्हणून कागद घेतला. कागदाला मधेच तोडता येत नाही.

काल तुमच्या तंत्रज्ञ परिषदेचं परिपत्रक आलं. आमच्या डायलिसिसच्या खोलीच्या दारावर मीच चिकटवलं. एक ऑगस्टपासून चार वर्षांची पदवी असल्याशिवाय कुणालाही डायलिसिस तंत्रज्ञ म्हणून नेमायचं नाही. बारावीनंतरचा एक वर्षाचा कोर्स बंद. आम्ही जुने लोक आहोत तिथे राहू, एवढी मेहेरबानी केली आहे. खाली समितीच्या सह्या, आणि त्यात तुझी लफ्फेदार सही. ते वळण मी तुला शिकवलं होतं, प्रगतिपुस्तकावर आईची सही ठोकायला. या कामी येईल असं वाटलं नव्हतं!

आता ऐक. मोठ्या बाई जुलैअखेर रिटायर होतायत. मग आठ मशीनना मी आणि लंबू असे दोघंच. लंबू उंच आहे, पण त्याचेही हात दोनच. बाईंच्या जागी घ्यायला कोर्सच्या दोन मुली मी वर्षभर तयार करत होते. सुई टोचताना आता त्यांचा हात थरथरत नाही. त्यांची परीक्षा डिसेंबरात, म्हणजे त्या कामातून गेल्या. काल त्यांना सांगितलं तर एक रडली आणि दुसरी मला म्हणाली, "मॅडम, तुमची बहीण आहे ना तिथे?" मी म्हटलं, आहे.

पदवीवाली माणसं या गावात कुठून आणू? तू येतेस का? तुझ्याकडे तर दोन पदव्या आहेत.

दादा मजेत. आठवड्यात तीन वार डायलिसिसला येतो, खुर्चीत बसतो, चार तास मशीनवर टीका करतो. नळजोडणीत आयुष्य गेलेलं, त्यामुळे आमच्या पाण्याच्या प्लांटचा प्रत्येक सांधा त्याला चुकीचा वाटतो. परवा म्हणाला, "आयुष्यभर लोकांच्या घरी पाणी पोचवलं आणि आता माझ्याच ग्लासावर कुलूप." वहिनी हसली नाही. तू नीट जेवत जा.

तुझी ताई


२१ जून

प्रिय ताई,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू आलं, तिसऱ्यांदा उत्तर द्यायचा धीर आला.

सही माझी आहे आणि विचार करून केलेली आहे. तुला कारण सांगते, ते फोनवर सांगता येत नव्हतं.

मागच्या वर्षी समितीपुढे एक प्रकरण आलं. गाव सांगत नाही. तिथल्या डायलिसिसच्या मुलाने एका बाईला मशीनवर घेतलं. फिल्टर आदल्या दिवशी जंतुनाशक भरून ठेवलेला. तो धुतल्यावर आत काही उरलंय का, हे पट्टी बुडवून बघायचं असतं. तू झोपेतही बघशील. त्या दिवशी गर्दी होती म्हणून त्याने पट्टी गाळली. बाई खुर्चीतच गेल्या. तो मुलगा वाईट नव्हता गं. आमच्यापुढे ढसाढसा रडला. पट्टी बुडव हे त्याला सांगितलं होतं, का बुडवायची हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या लेखी ती एक रीत होती, आणि घाईत रीत मोडते.

त्या बाईंचा नवरा बाकावर बसून होता. तो ओरडला नाही. एवढंच विचारलं, "त्याला माहीत नव्हतं, तर त्याला तिथे उभं कुणी केलं?" ताई, त्याला उभं आम्हीच केलं होतं. सही करताना तो माणूस माझ्या डोळ्यांपुढे होता.

तू वेगळी आहेस. पण सगळ्या केंद्रांवर तू नसतेस. तुझ्यासारखी एखादी सापडेल या भरवशावर किती वर्षं लोकांना खुर्चीत बसवायचं? चार वर्षांनी पदवीवाल्यांची पहिली मोठी तुकडी बाहेर पडेल. तेवढी कशीतरी काढायची आहेत.

मी येते का विचारलंस. टोमणा कळला. मशीनला हात लावून मला किती काळ लोटलाय माहीत आहे ना? मी आता खडू धरते. सुई धरली तर रोगी पळून जाईल.

दादाला सांग, टीका लिहून ठेव, मी वर्गात वाचून दाखवेन.

तुझं शेंडेफळ


२० सप्टेंबर

प्रिय खडूबाई,

तू म्हणतेस ते खोटं नाही. त्या बाईंचं वाचून मी दुसऱ्या दिवशी लंबूच्या मागे उभी राहून त्याच्या पट्ट्या तपासल्या. तो रुसला.

पण 'चार वर्षं कशीतरी काढायची' हे तू शहरातून लिहितेस. आमची माणसं परवापासून उद्यापर्यंत जगतात. त्यांच्यापुढे चार वर्षं म्हणजे गोष्टीतला डोंगर.

मोठ्या बाई रिटायर झाल्या. त्यांच्या जागेसाठी एक पदवीवाला आला होता. चुणचुणीत मुलगा. खोली पाहिली, राहायची जागा पाहिली, आणि शहरातल्या खासगी रुग्णालयाचा फोन येताच संध्याकाळच्या गाडीने गेला. त्याला दोष देत नाही, त्याच्या वयाची असते तर मीही गेले असते. त्यानंतर एकही अर्ज नाही. शेवटी संध्याकाळची शिफ्ट बंद केली. लंबू आणि मी अख्खा दिवस उभे असतो. दुपारी पायातल्या चपला काढल्या तर परत घालता येत नाहीत.

शिफ्ट बंद म्हणजे खुर्च्या कमी. म्हणजे ज्यांना आठवड्यात तीन वार मिळायचे, त्यांना दोन. थोडे तिसरे वार उरले आहेत, ते कुणाला द्यायचे? डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. म्हणाले, तुम्हीच ठरवा, मी सही करतो. मग मी वजनकाट्यावर सोडलं. दोन डायलिसिसच्या मधे अंगात जेवढं पाणी साठतं तेवढं वजन वाढतं, आणि मशीनवर तेवढंच काढायचं. तेव्हा आठवड्यात जो सगळ्यात जड भरेल, त्याला तिसरा वार. ओळख नाही, वशिला नाही.

आता गंमत बघ. आधी सगळे हलकं व्हायला बघायचे, कारण जास्त पाणी प्यालं की माझी बोलणी बसायची. काट्यावर चढताना हळूच खिडकीच्या कठड्यावर हात टेकायचे. या टोळीचा म्होरक्या आपला दादा! म्हणून मी काटा खोलीच्या मधोमध आणून ठेवला होता. नवा नियम झाला आणि सगळं उलटलं. आता लोक खिशात दगड घालून येतात. एकाने स्वेटरच्या आत ओला टॉवेल गुंडाळला होता. आमची बेकरीवाली, पोर अजून रांगतंय तिचं, ती नवऱ्याचे बूट घालून आली आणि काट्यावर चढताना अडखळून पडली. सगळे हसले, ती पण हसली, मीही हसले. मग औषधांच्या खोलीत जाऊन रडले.

तेव्हापासून मी खिसे तपासते. पोलीस झाले आहे.

दादा बरा आहे. त्याची काळजी करू नकोस.

ताई


२ नोव्हेंबर

प्रिय शेंडेफळास, थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद.

ताईच्या टेबलावरच्या पाकिटावरून तुझा पत्ता चोरला. अक्षर बघून घाबरू नकोस, हात बरा आहे, अक्षर पहिल्यापासूनच असं.

तुम्ही दोघी माझ्या डोक्यावरून भांडताय हे मला कळतं. ताई पत्र लिहिताना पेन असं दाबते की खालच्या मजल्यावर टेबल वाजतं. म्हटलं आपणही दोन शब्द लिहावेत.

ताई तुला सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. माझेही दोनच वार झाले आहेत, सोमवार आणि गुरुवार. तिने सगळ्यांना एकच माप लावलं, मलाही. मला बरं वाटलं. इन्चार्जचा भाऊ म्हणून तिसरा वार मिळाला असता तर त्या खोलीत मान वर करून बसता आलं नसतं. ती मात्र तेव्हापासून माझ्याकडे बघून बोलत नाही, माझ्या शर्टाच्या बटणाकडे बघून बोलते.

शनिवारचा तिसरा वार बेकरीवालीला जातो. ती माझ्या शेजारच्या खुर्चीत असते. दिवसभर भट्टीपुढे उभं राहायचं आणि घोटभर पाण्यावर काढायचं. मला नुसतं घरात बसून जमत नाही. परवा झोप लागल्यावर तिचा हात खुर्चीवरून खाली लोंबत होता, एवढासा हात, पोरीसारखा. तिला शनिवार मिळत राहिला पाहिजे. सगळे जड व्हायची धडपड करतात, मी एकटा हलका भरतो. ताई खूश आहे. कसं जमतं विचारू नकोस, नळ कुठे बंद करायचा ते नळवाल्याला बरोबर कळतं.

तुझी सही मागे घेऊ नकोस. ताईशी भांडणं मात्र बंद कर. ती थकली आहे. आणि मी लिहिलं हे तिला सांगू नकोस, नाहीतर माझा पाण्याचा ग्लास आणखी लहान करेल.

तुझा दादा


४ डिसेंबर

प्रिय ताई,

'दादा बरा आहे, काळजी करू नकोस.' किती सफाईने लिहिलंस! त्याचे दोन वार झाल्याचं मला कळलं आहे. कुणाकडून ते विचारू नकोस. मी तर समजून चालले होते की त्याचे तीन वार तू सोडणार नाहीस, आणि न सोडल्याबद्दल तुला एका शब्दाने बोलायचं नाही असंही ठरवलं होतं. तू असं काही केलंस की माझी मान खाली जाते आणि छातीही फुगते.

त्याने पाणी तोडलं आहे आणि वजन ताब्यात आहे, हेही कळलं. आपला दादा, जो आईच्या डोळ्यांदेखत साखरेचा डबा रिकामा करायचा! आपण त्याला ओळखलंच नाही म्हणायचं.

आता एक बातमी. तू चिडशील, पण माझ्याकडूनच कळलेली बरी. काल समितीपुढे सवलतीचा प्रस्ताव होता. लहान गावांतल्या केंद्रांना काही काळ एक वर्षाच्या कोर्सवाल्यांना घेऊ द्यावं, असा. मी विरोधात बोलले. एकदा दार किलकिलं केलं की ते पुन्हा लागत नाही, आणि मग तो नवरा पुन्हा त्याच बाकावर येऊन बसतो. कुणीतरी म्हणालं, तोवर रोग्यांनी काय करायचं? मी सांगितलं, माझा सख्खा भाऊ दोन वारांवर आहे, नियम पाळतो, वजन ताब्यात आहे, नीट चाललं आहे. प्रस्ताव पडला.

थोडा दम धर, ताई. सुट्टीत येते. दादाला मिठी मारते आणि तुझी बोलणी खाते.

तुझं शेंडेफळ


१९ जानेवारी

शेंडेफळ,

तू आलीस, चार दिवस राहिलीस, वहिनीचे केस विंचरलेस, लोकांना पाणी दिलंस आणि परत गेलीस. आपण दोघी एकमेकींशी धड बोललो नाही. घरात माणसं होती हे एक कारण. दुसरं कारण मला तेव्हा माहीत नव्हतं, आता माहीत आहे.

तेव्हा सगळे म्हणाले, दादाला हृदयाने दगा दिला. डॉक्टरही तेच म्हणाले. बुधवारी दुपारी ताट पुढे घेतलं, दोन घास खाल्ले, आणि त्याला श्वास पुरेना. वहिनीने वरच्या मजल्यावर हाक मारली, पण मी घरी कुठे असते? गाडी येईपर्यंत त्याच्या तोंडाला फेस आला होता. तो फेस बघितल्यावर मला कळायला हवं होतं. फुप्फुसात पाणी भरल्याशिवाय तसं होत नाही. पण सोमवारी मी स्वतः त्याचं वजन घेतलं होतं. आकडा चांगला होता. म्हणून मीही म्हटलं, हृदय.

परवा आमचे एक म्हातारे मास्तर काट्यावर चढले. तोल गेला म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझं लक्ष आकड्यावर होतं. त्यांनी हात काढला आणि आकडा वर गेला. मी तिथेच उभी राहिले. मागून लंबू विचारतोय, मॅडम काय झालं.

ऑक्टोबरपासून दादा काट्यावर चढताना म्हणायचा, "ताई, जरा खांदा दे गं, गुडघा धरलाय." नळवाल्याचे गुडघे, आयुष्य मोऱ्यांपुढे बसून गेलेलं. मला खरं वाटलं. आणि खरं सांगू? बरं वाटलं. त्याचे वार कापल्यापासून मला त्याच्या डोळ्यांत बघवत नव्हतं. तो खांद्यावर हात ठेवायचा तेव्हा वाटायचं, रागावलेला नाही. मी हलायचे नाही. तसाच हात असताना आकडा लिहायचे. तो हात टेकत होता आणि मी त्याचं पाणी माझ्या खांद्यावर घेत होते. तेवढं पाणी मशीनने काढलंच नाही. दर खेपेला मागे राहिलं.

मी खिसे बघत होते. सगळे जड व्हायला बघतायत म्हटल्यावर हलकं व्हायला कोण बघेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्या सोमवारी त्याने जाड मोजे घातले होते. पाय दाबून सूज बघायला मी वाकले होते. पाच नंबरचं मशीन ओरडलं, लंबू दुसऱ्या टोकाला अडकलेला, मी उठून गेले. परत आले तेव्हा तो म्हणाला, "थंडी आहे, मोजे राहू दे."

तुझ्या चार वर्षांत हे कुठल्या वर्षी शिकवतात, असं विचारणार होते. पण मला शिकवलं होतं. माझ्या एका वर्षाच्या कोर्सात, पहिल्याच आठवड्यात. वजन घेताना रोग्याला कशालाही टेकू द्यायचं नाही. मला माहीत होतं आणि का तेही माहीत होतं. तिथे तिसरं कुणी असतं, त्या दोन मुलींपैकी कुणीही, तर त्याचं वजन तिने घेतलं असतं. तिने त्याला खांदा दिला नसता.

हे वहिनीला सांगितलेलं नाही.

ताई


२७ जानेवारी

ताई,

सोबत दादाचं पत्र आहे, नोव्हेंबरचं. त्याने तुला सांगू नकोस म्हटलं होतं. आता तो रागवायचा नाही.

'मी एकटा हलका भरतो' ही ओळ वाच. ती वाचून मी हसले होते. नळ बंद केला म्हणजे पाणी पिणं बंद केलं, असं मी धरलं. मी मुलांना हे शिकवते ताई. दोन वारांवर आलेल्या माणसाचं वजन एकाएकी चांगलं दिसायला लागलं तर आधी काट्यावर संशय घ्या, हे माझंच वाक्य आहे. तुला एक फोन केला असता तर तू पुढच्याच सोमवारी त्याचा हात झटकला असतास. मी फोन केला नाही. मी ते पत्र घेऊन समितीत गेले.

परिषदेला लिहिलं आहे की माझं ते विधान खोटं होतं, प्रस्ताव पुन्हा घ्यावा. एप्रिलच्या बैठकीत बघू म्हणाले. सही मात्र मागे घेतलेली नाही. तो बाकावरचा माणूस मला अजून दिसतो. त्याच्या शेजारी आता वहिनी बसलेली दिसते. दोघांना एकच उत्तर मला सुचत नाही.

मोठ्या बाईंच्या जागेसाठी मी अर्ज पाठवला आहे. पात्रतेत बसते. कॉलेजने रजा दिली नाही, म्हणून नोकरी सोडली. जूनमध्ये तू विचारलं होतंस, येतेस का. मी तो टोमणा समजले.

शेंडेफळ


६ फेब्रुवारी

प्रिय शेंडेफळ,

अर्ज एकट्या तुझाच होता, त्यामुळे निवड करायला त्रास पडला नाही.

दादाचं पत्र वहिनीला दिलं, आणि बाकीचंही सांगितलं. तिने पत्राची घडी घातली. मग म्हणाली, "गुडघा त्याचा खरंच दुखायचा गं." एवढंच. आज सकाळी मी निघाले तेव्हा तिने डबा दिला. मी तो परत आणला, उघडला गेला नाही.

बेकरीवाली दादाच्या खुर्चीत बसायला तयार नाही. तिला काही माहीत नाही, नुसतं बसवत नाही म्हणते. सोमवारपासून तिला तिथेच बसवणार आहे. खुर्ची रिकामी ठेवणं आपल्याला परवडत नाही. तू आलीस की संध्याकाळची शिफ्ट पुन्हा सुरू करू, मग सगळ्यांचे नाही तरी बऱ्याच जणांचे तीन वार होतील. तिचा शनिवार पक्का आहे.

तुझा हात बसेपर्यंत सुई लंबू टोचेल. त्याची थट्टा करू नकोस, तो मनाला लावून घेतो. पट्ट्या दोघांनी तपासायच्या, घाई असली तरी. तुझ्या त्या बाईंसाठी.

काट्यापाशी मी आता उभी राहत नाही. ते काम तुझं. खिसे बघ, मोजे काढायला लाव, पाय दाबून बघ, मशीन ओरडलं तरी आधी पाय. चढताना कुणी खांद्यावर हात ठेवला तर ठेवू दे, माणसं थकलेली असतात. नीट उभं राहिलं की तो हात आपल्या हाताने खाली घ्यायचा आणि एक पाऊल मागे सरायचं. मगच आकडा लिहायचा.

ताई